दुर्गेचं अर्धं पान

६ जानेवारी, सोमवार

कादंबरीची शेवटची प्रुफं आज इंदूरच्या छापखान्यात गेली. तीन वर्षं तिच्यासोबत उठले-बसले, आता घर एकदम रिकामं वाटतंय. म्हणून ही वही काढली. निवृत्तीच्या दिवशी बँकेतल्या मुलींनी दिलेली, पाच वर्षं कोरीच पडून होती.

कादंबरी आजीवर आहे. डॉ. अनसूयाबाई पोतनीस, संस्थानच्या काळातल्या आमच्या उज्जैनच्या जनाना दवाखान्याची डॉक्टरीण. ९ फेब्रुवारीला मराठी मंडळाच्या हॉलमध्ये प्रकाशन आहे. त्याच दिवशी मंडळाच्या मोफत दवाखान्यात बायकांच्या तपासणीच्या खोलीला आजीचं नाव द्यायचंय. पाटी तयार होऊन आली आहे, चिटणीस विलासरावांनी फोटो पाठवला. काळ्या दगडावर पांढरी अक्षरं. मी तो फोटो दिवसभरात किती वेळा उघडला, ते लिहीत नाही.

संध्याकाळी शैलेंद्र एका मुलीला घेऊन आला. शैलेंद्र माझा धाकटा भाऊ, टावर चौकाजवळ त्याचं मेडिकल स्टोअर आहे. मुलीचं नाव मधुरा. जुन्या काळच्या डॉक्टरणींवर पीएचडी करतेय. शैलेंद्रच्या दुकानात डोकेदुखीची गोळी घ्यायला आली आणि बोलता बोलता आजीचा विषय निघाला म्हणे. म्हणजे मी तीन वर्षं राबले, आणि ही गोळी घ्यायला आली.

"मावशी, आजींची वही आहे ना तुमच्याकडे? फक्त बघू का?"

मी म्हटलं, वही कपाटात वर ठेवली आहे, माझे गुडघे दुखतात. शैलेंद्र म्हणाला, "मी काढतो ना ताई." त्याला कुठं गप्प बसावं हे साठीला आला तरी कळत नाही.

८ जानेवारी, बुधवार

मधुरा पुन्हा आली. वहीची पानं तिनं रुमालाने धरून उलटली, हे मान्य करते. पण फार हळू उलटली. इतकं हळू माणूस कशासाठी बघतो?

वही म्हणजे आजीनं केलेल्या बाळंतपणांची नोंद. १९२६पासून १९३४पर्यंत प्रत्येक बाईचं नाव, गाव, दुखणं, सगळं शाईनं लिहिलेल्या सुरेख मराठीत. त्यापुढे नुसत्या खुणा आहेत. मुलगी झाली की वर्तुळ, मुलगा झाला की उभी रेघ, मूल गेलं तर खुणेवर आडवी रेघ. पानंच्या पानं.

"मावशी, चौतीसनंतर एकदम खुणा का हो?"

"डॉक्टरांची सांकेतिक लिपी असते. कामाचा बोजा वाढला की कोण लिहीत बसतं?" मी म्हटलं. कादंबरीत मी यावर छान प्रकरण केलंय.

तिनं माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. "हो मावशी, असेल." इतक्या मऊ आवाजात म्हणाली की मला तो आवाजच आवडला नाही. आजाऱ्याशी बोलतात तसा.

खुणा सुरू होण्याआधीची शेवटची नोंद तिनं दोनदा वाचली. मला ती पाठ आहे. "आज माझा हात चालत नाही. आडवे मूल. दुर्गेने एकटीने फिरवून काढले. मी खुर्चीवर बसून होते. दोघी सुखरूप." अक्षर वाकडंतिकडं आहे, कारण उजव्या हाताला पट्टी होती, डाव्या हातानं लिहिलंय.

"ही दुर्गा कोण?"

"दवाखान्यातली दाई. अडाणी होती बिचारी. आजीचं मन मोठं, दाईलासुद्धा श्रेय दिलं." मी दुर्गेला कादंबरीत अर्धं पान दिलंय, तेही याच नोंदीमुळे.

मधुरा गेल्यावर मला आजीची फार आठवण आली. आम्हा पोतनीसांच्या घरात मला कॉन्व्हेंटमध्ये घालायचा हट्ट तिचाच. बाबा नको म्हणत होते, सिस्टर लोकांच्यात पोरगी बिघडेल म्हणून. आजी म्हणाली, "मग मी जेवत नाही." संपलं. शाळेतून आले की गणवेश काढायच्या आधी ती मला समोर बसवायची. औषधांच्या बाटल्या हातात द्यायची आणि लेबल मोठ्यानं वाचायला लावायची. चुकले तर रागवायची नाही, पुन्हा वाच म्हणायची. मी पाटीवर एबीसीडी गिरवायची, तर ती मला सोबत म्हणून दुसरी पाटी घेऊन शेजारी बसायची आणि तीही गिरवायची. एवढी मोठी डॉक्टर, नातीच्या आनंदासाठी एबीसीडी गिरवत बसायची. हे मी कादंबरीत लिहिलंय. प्रुफं तपासणाऱ्या बाईंना तिथं रडू आलं म्हणे.

शैलेंद्र घरातच जन्मला, आजीच्या हातून. मी तेव्हा सात वर्षांची. हात धुऊन ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "विनू, बॉय कसं लिहितात गं? बघू तुला येतं का." मी तिला सांगितलं. अशा वेळीसुद्धा नातीची परीक्षा घ्यायचं तिला सुचलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शैलेंद्रला तिळगूळ द्यायला दुकानात गेले. तो फोनवर बोलत होता. "नाही नाही, तिला अभी मत बताओ. प्रकाशन होऊन जाऊ दे." मी दिसल्यावर फोन खाली ठेवला आणि म्हणाला, "कंपनीचा माणूस होता."

कंपनीच्या माणसाला माझ्या प्रकाशनाशी काय करायचंय?

१५ जानेवारी

रात्री नीट झोप लागली नाही, तेव्हा सकाळी लिहिते. मला वाटतं हे असं आहे. ती मुलगी माझ्याच सामग्रीवर पुस्तक काढणार, आणि आधी माझं छापून झालं की त्यात चुका दाखवून नाव कमावणार. शैलेंद्रला तिनं काय सांगून फिरवलंय कोण जाणे. त्याला कुणीही फिरवतं. लहानपणी पतंगाच्या मांज्यासाठी त्यानं माझा कंपासबॉक्स दिला होता.

वही कपाटातून काढून ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ठेवली. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत.

१७ जानेवारी, शुक्रवार

माधव नगरला सुमनआत्याकडे गेले. आत्या बाबांची चुलत बहीण, एक्याण्णव वर्षांची, आमच्या घरातली शेवटची मोठी. रस्ता सिंहस्थाच्या कामासाठी खणून ठेवलाय, रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबली. आणि आत्याच्या फाटकाशी कुणाची स्कूटर? निळी, इंदूरची पासिंग. मी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे उगाच मेथी निवडत राहिले. वीस मिनिटांनी मधुरा बाहेर पडली. आत्या दारापर्यंत सोडायला आली. आत्या मला कधी दारापर्यंत सोडायला येत नाही.

मी आत जाऊन सरळ विचारलं.

"कोण मधुरा?" आत्या म्हणाली. समोर दोन कप होते.

"आत्या, तिनं काय विचारलं?"

"काही नाही गं. जुन्या गप्पा. तू मेथी कशाला इतकी आणलीस, दहा जण जेवणार आहेत का?" मग माझ्याकडे न बघता, "विनू, आजीचा तो टाक तुझ्याकडेच आहे ना? सांभाळून ठेव."

टाक म्हणजे आजीच्या गळ्यातला सोन्याचा छोटा पत्रा, त्यावर ठोकलेली देवीची मूर्ती. आजी गेली तेव्हा तो माझ्याकडे आला. ती बाळंतपणाला निघाली की त्याला हात लावून निघायची. नवी साडी आली की तिची घडी आधी टाकाला टेकवायची, मग नेसायची. मी एकदा म्हटलं होतं, हिला देव्हाऱ्यात ठेवू या. आजी म्हणाली, "ही देव्हाऱ्यातली नव्हे बाळा. ही माझ्या गळ्यातली." अशी तिची श्रद्धा.

म्हणजे आता टाकावरही डोळा आहे. मेथी मी आत्याकडेच सोडून आले.

२१ जानेवारी, मंगळवार

मधुरा आज न सांगता आली. संस्थानच्या डॉक्टरांच्या छापील यादीची झेरॉक्स घेऊन. त्यात आहे, "अनसूयाबाई पोतनीस, एल.एम.पी., आग्रा, १९२६." मला आनंदच झाला. मी म्हटलं, हे पुस्तकाच्या शेवटी टाकता आलं असतं.

"मावशी, आजी वारल्या तेव्हा त्यांचं वय किती होतं?"

"चौसष्ट. एकोणऐंशी साली."

तिनं झेरॉक्सची घडी घातली. चहा निवला तरी प्याली नाही. "मी निघते," म्हणाली.

ती गेल्यावर मी हिशेब केला. एकोणऐंशी वजा चौसष्ट, पंधरा. १९१५चा जन्म. १९२६ साली आजी अकरा वर्षांची.

बाबांचा वयाचा हिशेब कच्चाच होता. स्वतःचा वाढदिवसही ते दोन सांगायचे. किंवा ही झेरॉक्स खरी नसेल. हल्ली कॉम्प्युटरवर काहीही करता येतं.

२२ जानेवारी

बाबांच्या ट्रंकेतून आजीच्या मृत्यूचा दाखला काढला. वय वर्षे ६४. दाखला परत ट्रंकेत ठेवला. त्याच्यावर गोधडी, गोधडीवर जुने स्वेटर.

२४ जानेवारी, शुक्रवार

विलासरावांना फोन केला. कार्यक्रमात मधुराला बोलू द्यायचं नाही, व्यासपीठावर तर नाहीच.

"अहो मॅडम, टेन्शन नका घेऊ, सब हो जाएगा. पण ती तर बोलायला नाहीच म्हणाली. मीच विचारलं होतं."

नाही म्हणाली? हे आणखीनच संशयास्पद. जो माणूस बोलायला नाही म्हणतो, त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं.

शैलेंद्र रात्रीच्या जेवणाला आला तेव्हा भांडण झालं. मी म्हटलं, तू तिला सामील आहेस.

"ताई, दिमाग नको खाऊस. कोणी तुझं काही चोरत नाहीये."

"मग काय लपवताय?"

त्यानं भाकरी मोडली, बघितली. "भाकरीला प्लास्टिकचा वास का येतोय?"

मी त्याच्या ताटात भाजी वाढली. तो अर्धी भाकरी ताटात ठेवून गेला.

२८ जानेवारी, मंगळवार

घरी आल्या आल्या लिहून ठेवते.

मंडळाचं हळदीकुंकू होतं. हल्ली आम्ही सगळ्यांना बोलावतो, लग्न झालेली, न झालेली, नवरा गेलेली, कुणी विचारत नाही. मीही गेले. ठरवून टाक गळ्यात घातला, काळ्या दोऱ्यात ओवून. माझ्याकडे आहे हे ज्यांना बघायचंय त्यांनी बघावं म्हणून.

अपर्णाकाकू वाण घ्यायला पुढे आल्या. ब्याऐंशीच्या आहेत, मोतीबिंदू काढल्यापासून सगळं बारीक बघतात. माझ्या गळ्यापाशी वाकून हसल्या.

"अगं विनोदिनी, हे काय घातलंस? तू कुणाची सवत?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसले, काही न कळून.

"देवीचा टाक आहे काकू. आजीचा."

"देवीचा कुठला. हा सवतीचा टाक. माझ्या सासूच्या गळ्यात होता ना." त्यांनी तो उलटा करून बघितला. "बिजवराशी लग्न झालं की गळ्यात पहिलीचा टाक घालायचा. खायचं, ल्यायचं, सगळं आधी तिला, मग आपल्याला. तुमच्या कॉन्व्हेंटात हे कोण शिकवणार म्हणा." मग त्यांचं हसू गेलं. "तुझी आजी दुसरेपणाची होती का गं?"

मी वाणाची प्लास्टिकची डबी तिथंच विसरले.

२९ जानेवारी, बुधवार

आत्या दारातच उभी होती. तिला बहुधा कालच फोन गेला असेल. मी टाक तिच्या हातावर ठेवला.

"बस," म्हणाली. "ओरडणार नसशील तर सांगते."

तिनं सांगितलं ते असं. आजोबांची पहिली बायको अनसूया. आग्र्याला शिकलेली खरी डॉक्टर. मूलबाळ नव्हतं. दवाखान्यात एक मुलगी झाडलोट करायची, दुर्गा. अकराव्या वर्षी विधवा झालेली, माहेरच्यांनी टाकलेली. अनसूयाबाईंनी तिला हाताखाली घेतली. अक्षर शिकवायला वेळ नव्हता, हात शिकवले. १९३४मध्ये ऑपरेशन करताना अनसूयाबाईंच्या बोटाला सुई लागली, विष चढलं, अकरा दिवसांत गेल्या. जाताना नवऱ्याला म्हणाल्या, दुर्गेला परत झाडू धरायला लावू नका.

"मग आजोबांनी तिच्याशी लग्न केलं. विधवेशी, त्या काळात," आत्या म्हणाली. "ग्वाल्हेरच्या भाऊबंदांपैकी कुणी आलं नाही लग्नाला. लग्नात नाव बदलायचंच असतं. त्यांनी पहिलीचंच नाव ठेवलं. का, ते त्यांनाच ठाऊक. मोठी अनसूया, धाकटी अनसूया. माझी आई असंच म्हणायची."

"आणि डॉक्टरीण?"

"ते कुणी ठरवून केलं नाही गं. बायका यायच्याच. आधी पण बॅग घेऊन अनसूयाबाई यायच्या, नंतर पण बॅग घेऊन अनसूयाबाईच यायच्या. दवाखान्याचे साहेब बदलले, शेजारी बदलले. कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही."

तीन वर्षं मी जिचं आयुष्य लिहिलं, ती माझी कुणी नव्हती. आणि जी माझी होती, तिला मी अर्धं पान दिलं. अडाणी होती बिचारी.

३१ जानेवारी, शुक्रवार

आत्या आणि शैलेंद्र दोघं आले. शैलेंद्रला हे मधुराकडून संक्रांतीच्या आधीच कळलं होतं. दवाखान्याच्या जुन्या कागदांत तिला मोठ्या अनसूयेच्या मृत्यूची नोंद मिळाली होती. यानंच तिला गयावया केलं, ताईचं प्रकाशन होऊ दे, मग बघू. आणि ती कबूल झाली. चार महिन्यांनी तिचा प्रबंध द्यायचाय, तरी कबूल झाली. मी तिला काय काय समजले ते याच वहीत मागच्या पानांवर आहे. पानं फाडणार होते. राहू दिली.

आत्याचं म्हणणं साधं आहे. "पाटीवर काय आहे? डॉ. अनसूयाबाई पोतनीस. खोटं आहे का? नाही. पुस्तकावर काय आहे? तेच. काही बदलायचं नाही, कुणाला काही कळत नाही. तुझ्या आजीची बिनडिग्रीची डॉक्टरी चव्हाट्यावर आणून काय मिळणार? लोक म्हणतील दाई होती, फसवलं सगळ्यांना."

शैलेंद्र म्हणाला, "ताई, जे तू म्हणशील ते." मग म्हणाला, "मी डॉक्टरच्या हातून जन्मलो नाही, तर काय झालं?" आणि हसायचा प्रयत्न केला.

मला आत्याचं पटतंय. हेच लिहायला मला लाज वाटते. सबंध उज्जैननं नव्वद वर्षं जे केलं, तेच मला करायचंय, म्हणजे काहीच नाही करायचं. छापखान्यात सोमवारी मशीन लागणार आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

पिठाच्या डब्यातून वही काढली. आज पहिल्यांदाच मागच्या बाजूनं उघडली. शेवटच्या पानांवर इंग्रजी अक्षरं गिरवलेली आहेत, मोठी, पान भरून. ती मी लहानपणी खरडली असणार, असं समजून मी ती कधी बघितलीच नव्हती. कादंबरीसाठी फोटो काढले तेव्हाही ती पानं वगळली होती.

माझी नाहीत. मी पेन्सिलीनं लिहायची. ही शाईची आहेत. शाळेत सिस्टरनं 'जी'ची शेपटी आत वळवायला शिकवलं होतं, तशीच इथली 'जी' आहे. पण दाबून लिहिलेली, कागद फाटेल इतकी. लहान मुलाचा हात इतका जोर लावत नाही.

मग नोंदी. वर्तुळ आहेच, पण शेजारी जी, आय, आर, एल. एल उलटा. पुढं पुन्हा वर्तुळ, एल सुलटा. अशा चौदा. सगळ्यात शेवटी, ११ ऑगस्ट १९६६. रेघ. शेजारी बी, ओ, वाय. बॉय.

शैलेंद्रचा वाढदिवस.

ती माझी परीक्षा घेत नव्हती. तिला येत नव्हतं. हात धुऊन ती सात वर्षांच्या पोरीला विचारायला बाहेर आली होती, आणि ज्याला पटकन विचारावं असं दुसरं कुणी तिच्याकडे नव्हतं. लेबलं, पाट्या, उपास करून मला घातलेली कॉन्व्हेंट. पोटॅशियमची बाटली कुठली आणि आयोडीनची कुठली, हे तिला आयुष्यभर रंगावरून आणि वासावरून ओळखावं लागलं असेल. आणि मी आपली वाचून दाखवत होते, कौतुक करून घ्यायला.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी साडेआठला छापखान्यात फोन करून मशीन थांबवायला लावलं. ते चिडले. साहजिक आहे.

मग मधुराला फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं, ते काही वाचता आलं नाही. "तू वहीची मागची पानं बघितली नाहीस," एवढंच म्हटलं. "मावशी, तुम्ही मला मागची बाजू उघडूच दिली नव्हती," ती म्हणाली. खरं आहे. दुपारी आली. या वेळी चहा पूर्ण प्याली.

९ फेब्रुवारी, रविवार

कार्यक्रम झाला. पुस्तक नव्हतं, वही होती. मी भाषण केलं नाही. मोठ्या अनसूयेची शेवटची नोंद मधुराला वाचायला लावली, आणि मागचं पान मी वाचलं. पहिल्या रांगेत विलासराव सारखा चष्मा पुसत होते. मध्येच कुणीतरी मागून म्हणालं, "मतलब डॉक्टर नव्हती?" मी म्हटलं, "नव्हती." ते गृहस्थ उठून गेले. त्यांच्यामागे अजून दोघं. आत्या आलीच नव्हती.

अपर्णाकाकू मात्र उभ्या राहिल्या. "माझे दोन्ही तिच्याच हातचे," म्हणाल्या. "डिग्री बघायला वेळ नव्हता तेव्हा." बायका हसल्या. मग आणखी एकीनं हात वर केला, मग आणखी. मी मोजले नाहीत.

पाटी तशीच राहिली. नाव बरोबरच आहे. तिच्याखाली भिंतीवर मी खडूनं लिहिलं, दुर्गाबाई. पुढं काही नाही, मागं काही नाही. विलासराव म्हणाले, दुसरी पाटी यायला महिना लागेल, तोवर कुणी पुसलं तर? शैलेंद्र म्हणाला, मी रोज दुकान उघडायच्या आधी येऊन बघून जाईन. पुसलं असेल तर पुन्हा लिहीन.

१० फेब्रुवारी, सोमवार

टावर चौकातून नवी जाड वही आणली. कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून, या वेळी झाडू घेऊन दवाखान्यात आलेल्या मुलीपासून.

लिहायला बसण्याआधी वही टाकाला टेकवली. आधी तिला, मग आपल्याला.